स्वतःविरुद्ध लिहिलेलं उत्तर

एमबीबीएसच्या मधल्या वर्षांत न्यायवैद्यकशास्त्र हा विषय येतो. विषबाधेची लक्षणं, जखमेचं वय, गळफास की गळा आवळून केलेला खून, असल्या प्रश्नांमुळे मुलांना तो रंजक वाटतो. या विषयाच्या पुस्तकात लैंगिक गुन्ह्यांवर एक प्रकरण असतं. कित्येक दशकं त्याची मांडणी ठरून गेलेली होती. आधी ‘नैसर्गिक’ गुन्हे, त्यात बलात्कार. मग ‘अनैसर्गिक’ गुन्हे, त्यात दोन पुरुषांमधले आणि दोन स्त्रियांमधले संबंध, आणि त्यांच्याच शेजारी पशुगमन. शेवटी विकृतींची यादी. शंभर-दीडशे मुलामुलींच्या वर्गात हे शिकवलं जात असताना काहींना कळत असे की फळ्यावर आपल्याबद्दलच लिहिलं जातंय. परीक्षेत त्यावर टीप येई. तीही मुलं टीप लिहीत, व्हायवात न अडखळता उत्तर देत, पास होत आणि डॉक्टर होत.

समलिंगी माणसाला नोकरीच्या ठिकाणी होणारा त्रास बँकेतही होतो, शाळेतही होतो आणि कारखान्यातही. डॉक्टरची गोष्ट मात्र निराळी आहे असं मला वाटतं. बँकेच्या नियमावलीत समलिंगी कर्मचारी रोगी असल्याचं कधी लिहिलेलं नव्हतं. वैद्यकाच्या पुस्तकात ते लिहिलेलं होतं. ज्या विद्येवर या माणसाची उपजीविका, प्रतिष्ठा आणि आत्मविश्वास उभा आहे, त्याच विद्येने त्याला कधी रुग्ण, तर कधी गुन्हेगार ठरवलं. स्वतःविरुद्धचं उत्तर लिहून त्याने पदवी मिळवली. पुढे वॉर्डात, ड्युटी रूममध्ये, मुलाखतीच्या खोलीत त्याच्या बाबतीत जे घडतं, त्याचं मूळ इथे आहे.

या गोष्टीचा सर्वांत ठळक साक्षीदार अमेरिकेतला आहे, म्हणून आधी तिकडे जायला हवं.

२ मे १९७२. टेक्सासमधल्या डलास शहरात अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनचं वार्षिक अधिवेशन भरलं होतं. मानसोपचार हा समलिंगी माणसाचा मित्र की शत्रू, अशा विषयावर परिसंवाद होता. व्यासपीठावर फ्रँक कॅमेनी होते. मूळचे खगोलशास्त्रज्ञ, समलिंगी म्हणून १९५७ मध्ये अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागातून त्यांना काढून टाकलं गेलं होतं. समलिंगी हक्कांच्या चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्या बार्बरा गिटिंग्ज होत्या. शिवाय जड मार्मर आणि रॉबर्ट सायडेनबर्ग हे सहानुभूती बाळगणारे दोन मानसोपचारतज्ज्ञ. गिटिंग्ज यांच्या जोडीदार के लाहुसेन यांनी तयारी चालू असतानाच उणीव दाखवली होती. दोघे समलिंगी आहेत पण मानसोपचारतज्ज्ञ नाहीत, दोघे मानसोपचारतज्ज्ञ आहेत पण समलिंगी नाहीत. दोन्ही असलेला एक तरी माणूस तिथे बसायला हवा.

गिटिंग्ज यांनी माहितीतल्या डॉक्टरांना विचारायला सुरुवात केली. एकामागून एक नकार आले. अखेर फिलाडेल्फियाचे डॉ. जॉन फ्रायर तयार झाले, पण ओळख पटता कामा नये या अटीवर. कार्यक्रमात त्यांचं नाव ‘डॉ. एच. अनॉनिमस’ असं होतं. फ्रायर अंगाने धिप्पाड. गर्दीतही चटकन ओळखू येणारे. म्हणून मापापेक्षा मोठा टक्सिडो, डोक्यावर विग, चेहऱ्यावर रबरी विद्रूप मुखवटा आणि आवाज बदलणारा माइक अशी व्यवस्था झाली. लाहुसेन यांनी त्या दिवशी काढलेलं छायाचित्र आजही पाहायला मिळतं. त्यात एक वैद्यकीय तज्ज्ञ स्वतःच्याच व्यवसायाच्या अधिवेशनात, स्वतःच्याच सहकाऱ्यांसमोर, चेहरा झाकून बसलेला दिसतो.

आपण समलिंगी आहोत आणि मानसोपचारतज्ज्ञ आहोत, हे फ्रायर यांनी आरंभीच सांगितलं. आपल्यासारखे शंभराहून अधिक डॉक्टर या अधिवेशनाला नोंदणी करून आलेले आहेत, असंही सांगितलं. मग ते कामाबद्दल बोलले. समलिंगी डॉक्टरला आपली लायकी इतरांपेक्षा जास्त सिद्ध करावी लागते. नेमणूक, बढती, रुग्ण पाठवणारे सहकारी, सगळं कुणाच्या तरी मर्जीवर टांगलेलं असतं. आणि सर्वांत मोठं नुकसान नोकरी जाण्याचं नसून स्वतःचं माणूसपण पुरतं जगता न येण्याचं आहे, असा त्यांच्या भाषणाचा गाभा होता. सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या.

या टाळ्यांचं मोल कळायला त्या काळातलं अधिकृत मत माहीत हवं. असोसिएशनच्या निदानसंहितेच्या, म्हणजे ‘डीएसएम’च्या, १९५२ च्या पहिल्या आवृत्तीत समलिंगी आकर्षण हे समाजविघातक व्यक्तिमत्त्वदोषांमध्ये घातलेलं होतं. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते लैंगिक विकृतींच्या रांगेत गेलं. मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी १९५७ मध्येच दाखवून दिलं होतं की समलिंगी आणि भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसिक चाचण्यांचे निकाल कुणाचे कोणते हे न सांगता तज्ज्ञांपुढे ठेवले, तर त्यांना ते वेगळे ओळखता येत नाहीत. पुरावा होता, पण संहिता बदलली नव्हती. शिवाय टेक्सासमध्ये समलिंगी संबंध हा गुन्हा होता, आणि २००३ पर्यंत तो गुन्हाच राहिला. म्हणजे फ्रायर ज्या शहरात बोलत होते तिथे ते कायद्याने गुन्हेगार आणि संहितेने रुग्ण होते; आणि समोरच्या खुर्च्यांवर निदान करण्याचा अधिकार असलेली माणसं बसली होती.

फ्रायर यांची त्याआधीची वाटचाल मला मुखवट्यापेक्षा महत्त्वाची वाटते. केंटकी राज्यातल्या विंचेस्टर गावात १९३७ मध्ये त्यांचा जन्म झाला. मुलगा अतिशय हुशार. पंधराव्या वर्षी कॉलेजात, एकोणिसाव्या वर्षी व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात. १९६२ मध्ये डॉक्टर झाले. मानसोपचाराचं प्रशिक्षण कॅन्ससमधल्या नामांकित मेनिंजर संस्थेत सुरू झालं, पण सतत लपवालपवी करून नैराश्य आलं आणि ते तिथून बाहेर पडले. फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रेसिडेन्सी मिळाली. ते समलिंगी असल्याचं वरिष्ठांच्या कानावर गेलं आणि तीही सोडावी लागली. शेवटी प्रशिक्षण पुरं झालं ते नॉरिसटाउनच्या सरकारी मनोरुग्णालयात. गुणवत्ता पहिल्या रांगेतली आणि जागा मिळेल ती, ही पायरीपायरीने झालेली घसरण आहे. कोणत्याही कागदावर तिचं खरं कारण लिहिलं गेलं नाही.

नंतर एका खासगी रुग्णालयातूनही त्यांना जावं लागलं. तिथल्या प्रशासकाने सांगितलेलं कारण फ्रायर पुढे सांगत असत. नुसते समलिंगी असता तर ठेवलं असतं, नुसते भडक वागणारे असता तरी ठेवलं असतं. दोन्ही आहात, म्हणून नाही. डलासच्या सभागृहात पुढच्याच रांगेत तो प्रशासक बसला होता. मुखवट्यामागे कोण आहे हे त्याला कळलं नाही.

१५ डिसेंबर १९७३ रोजी असोसिएशनच्या विश्वस्त मंडळाने समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली. विरोधकांनी सभासदांचं मतदान मागितलं. १९७४ मध्ये ते झालं आणि ५,८५४ विरुद्ध ३,८१० मतांनी निर्णय टिकला. एखादी गोष्ट रोग आहे की नाही हे मतपत्रिकेने ठरावं, याचं अनेकांना नवल वाटतं. माझं लक्ष त्या ३,८१० मतांकडे जातं. ते सगळे डॉक्टर दुसऱ्या दिवशी कामावर गेले. तेच विभागप्रमुख होते, परीक्षक होते, शिफारसपत्रं लिहिणारे होते. संहितेतली ओळ खोडणं सोपं नव्हतंच; पण ती ओळ पाठ करून मोठ्या झालेल्या पिढीच्या हाताखाली काम करणं, हा प्रश्न पुढे कित्येक वर्षं उरला.

फ्रायर यांनी आपणच तो अनामिक डॉक्टर होतो हे जाहीरपणे सांगितलं १९९४ मध्ये, म्हणजे २२ वर्षांनी. मधल्या काळात टेंपल विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. मृत्युपंथाला लागलेल्या रुग्णांसोबत आणि शोकग्रस्त कुटुंबांसोबत त्यांनी आयुष्यभर काम केलं. एड्सच्या पहिल्या लाटेत अनेक डॉक्टर रुग्णाला हात लावायला धजत नव्हते, तेव्हा फ्रायर या रुग्णांना आपल्या घरी तपासत. चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. २००३ च्या फेब्रुवारीत ते गेले. टेक्सासचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या जूनमध्ये रद्द केला.

१९९४ मध्येच समलिंगी डॉक्टरांच्या अमेरिकी संघटनेने आपल्या सभासदांची पाहणी प्रसिद्ध केली. ७११ जणांनी उत्तरं दिली. सहकाऱ्यांना समलिंगी रुग्णांची हेटाळणी करताना आपण ऐकलं आहे, असं ८८ टक्क्यांनी सांगितलं. समलिंगी असल्यामुळे कमी प्रतीचे उपचार मिळालेले किंवा उपचार नाकारले गेलेले रुग्ण आपल्याला माहीत आहेत, असं ६७ टक्के म्हणाले. हे आकडे रुग्णांबद्दलचे आहेत, तरी ते डॉक्टरबद्दलही बोलतात. भूल दिलेल्या रुग्णाबद्दल शस्त्रक्रियागृहात विनोद होतो, तेव्हा टेबलापाशी उभा असलेला समलिंगी रेसिडेंट तो ऐकत असतो. आपल्याबद्दल या लोकांचं मत काय असेल, हे त्याला वेगळं विचारावं लागत नाही.

२०११ च्या अशाच एका पाहणीत अमेरिकेतल्या ४२७ डॉक्टरांनी भाग घेतला. सहकाऱ्यांकडून छळ झाल्याचं १५ टक्के म्हणाले, सामाजिक बहिष्कार सोसल्याचं २२ टक्के, आणि भिन्नलिंगी सहकाऱ्यांनी आपल्याकडे रुग्ण पाठवणं नाकारलं असं १० टक्के. हा शेवटचा आकडा लहान दिसतो, पण डॉक्टरच्या व्यवसायात रुग्ण पाठवला जाणं म्हणजे मिळकत. तो न पाठवणाऱ्याला काही बोलावं लागत नाही, कारण द्यावं लागत नाही, आणि ज्याचं नुकसान होतं त्याला काही सिद्ध करता येत नाही.

ब्रिटनमध्ये कायदा भक्कम आहे. २०१० च्या समता कायद्यात लैंगिक कलावरून नोकरीत भेदभाव करायला स्पष्ट मनाई आहे. तरीही ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत समलिंगी, उभयलैंगिक आणि क्वीअर डॉक्टर व विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांनी मागच्या दोन वर्षांत एकदा तरी थेट द्वेषाचा अनुभव घेतला होता. कामाच्या ठिकाणी आपली ओळख मोकळेपणाने सांगता येते असं म्हणणारे निम्म्याहून कमी होते. कायदा हवाच. पण पहाटे तीनच्या राउंडला कायदा हजर नसतो, तिथे सीनिअर असतो.

आता मनाकडे येऊ. इलान मायर या संशोधकाने २००३ मध्ये ‘अल्पसंख्याकांवरचा ताण’ या कल्पनेची जी मांडणी केली, तिचा आधार आजचे बहुतेक अभ्यास घेतात. समलिंगी आणि उभयलैंगिक व्यक्तींमध्ये नैराश्य, चिंता आणि आत्महत्येचे विचार जास्त आढळतात. याचं कारण त्यांच्या कलात नाही, कलामुळे त्यांच्या वाट्याला येणाऱ्या जगण्यात आहे, असं मायर सांगतात. प्रत्यक्ष अपमान हा ताणाचा एक थर. अपमान होईल या अपेक्षेने सतत सावध राहणं हा दुसरा. लपवणं हा तिसरा. आणि समाजाचं मत स्वतःबद्दल खरं मानू लागणं हा सगळ्यांत खोलवरचा. रुग्णालयात हे चारही थर एकाच पाळीत अंगावर येतात.

लपवणं म्हणजे गप्प बसणं, इतकं ते सोपं नाही. छत्तीस तासांची ड्युटी ज्यांच्यासोबत काढायची, ज्यांच्या डब्यात जेवायचं, ज्यांच्याशेजारच्या पलंगावर तासभर पाठ टेकायची, त्यांच्यापासून लपवायचं असतं. शनिवारी कुठे होतास, फोन कुणाचा, डोळे का सुजलेत, या प्रश्नांना दर वेळी जुळणारी उत्तरं द्यायची. मराठीत बोलताना तर क्रियापदही उघडं पाडतं; ‘आला’ म्हणायचं की ‘आली’ हे दर वाक्याला सांभाळावं लागतं. प्रेम तुटलं तर सुट्टी मागता येत नाही. जोडीदार आजारी पडला तर तो मावसभाऊ होतो. औषधांच्या मात्रा, रक्ताचे रिपोर्ट आणि खाटा लक्षात ठेवणाऱ्या मेंदूला हे जास्तीचं काम विनामोबदला, न थांबता करावं लागतं.

अमेरिका आणि कॅनडातल्या मेडिकल विद्यार्थ्यांच्या २०१५ च्या एका अभ्यासात लैंगिक अल्पसंख्याक विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३० टक्के जणांनी कॉलेजात आपली ओळख लपवली होती. भेदभावाची भीती हे त्यांनी दिलेल्या प्रमुख कारणांपैकी एक. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात पहिल्या वर्षाच्या ४,६७३ विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले होते. समलिंगी आणि उभयलैंगिक विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य आणि चिंतेची लक्षणं जास्त आढळली. आणि अमेरिकेतल्या सर्जरीच्या रेसिडेंट डॉक्टरांचा २०२२ मधला मोठा अभ्यास सांगतो की, या गटात आत्महत्येचे विचार इतरांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात आढळतात. त्यातली एक गोष्ट फार मोलाची आहे. छळ, दमदाटी आणि भेदभाव यांचा हिशेब मांडून तुलना केली, तेव्हा हा फरक बराच ओसरला. म्हणजे वागणूक बदलली तर जीव वाचू शकतात.

उभयलैंगिक डॉक्टरांबद्दल दोन शब्द वेगळे लिहायला हवेत, कारण ते या चर्चेतही मागे पडतात. भिन्नलिंगी सहकारी त्यांना ‘ठरवून टाक एकदाचं’ म्हणतात, आणि समलिंगी मित्रांनाही ते अर्धवट वाटतात. लग्न झालेलं असेल तर प्रश्नच मिटला असं धरलं जातं. उभयलैंगिक व्यक्तींमध्ये नैराश्य आणि चिंता समलिंगी व्यक्तींपेक्षाही जास्त असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. स्वतःची ओळख सांगण्याचं प्रमाणही त्यांच्यातच सर्वांत कमी.

आपल्याकडे गोष्ट कायद्याने बदलली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. त्याच वर्षी इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. अजित भिडे यांनी समलैंगिकता हा आजार नाही, असं संघटनेच्या वतीने जाहीर केलं. जागतिक आरोग्य संघटनेने ती १७ मे १९९० लाच आजारांच्या यादीतून वगळली होती. मधली २८ वर्षं आपल्या दवाखान्यांत काय चाललं होतं? विजेचे सौम्य झटके, मळमळ आणणारी औषधं, ‘लग्न करून द्या, ठीक होईल’ हा सल्ला. २००१ मध्ये अशा उपचारांविरुद्धची एक तक्रार राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे गेली होती. आयोगाने ती दाखल करून घेतली नाही. या काळात मानसोपचारात एमडी करणाऱ्या समलिंगी विद्यार्थ्याला कोणत्या ओपीडीत बसावं लागलं असेल, कोणत्या आईवडिलांसमोर मान डोलवावी लागली असेल, याचा विचार मी टाळू शकत नाही.

यानंतरचं मोठं पाऊल चेन्नईत पडलं. घरच्यांपासून पळून आलेल्या दोन तरुणींनी पोलिसांच्या जाचापासून संरक्षण मागितलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी निकालाआधी स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे बसून हा विषय समजून घेतला, आणि आपलं अज्ञान निकालपत्रात नोंदवलं. ७ जून २०२१ च्या आदेशानंतर त्यांनी वैद्यकीय अभ्यासक्रमाकडे लक्ष वळवलं. त्यातूनच राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये विद्यापीठांना, महाविद्यालयांना आणि पुस्तकांच्या लेखकांना या समुदायाबद्दलचा अवमानकारक, अशास्त्रीय मजकूर टाळायला सांगितलं. २०२२ मध्ये कल बदलण्याचे तथाकथित उपचार हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं गेलं. न्यायाधीश स्वतः विद्यार्थी होतो, तेव्हा केवढी वाट मोकळी होते ते इथे दिसतं.

पण वाट परत बुजते. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुन्या दंडसंहितेतलं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ उरलंच नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालय समलिंगी आणि इतर लैंगिक अल्पसंख्याकांशी भेदभाव होऊ नये म्हणून राज्यांना कळवत होतं. आणि ३१ ऑगस्टच्या सुमाराला वैद्यकीय आयोगाचा नवा अभ्यासक्रम आला, त्यात समलिंगी पुरुषांचे आणि स्त्रियांचे संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां’त बसवलेले होते. आरडाओरडा झाला. ५ सप्टेंबरला तो अभ्यासक्रम मागे घेतला गेला, आठवड्याभरात सुधारून पुन्हा आला. कागदावर प्रकरण मिटलं. तरी जो गुन्हा कायद्याच्या पुस्तकातूनही गेला होता, तो डॉक्टरांच्या अभ्यासक्रमात कुणीतरी परत टाइप केला, कुणीतरी तपासला, कुणीतरी मंजूर केला. एवढ्या टेबलांवर एकालाही तो खटकला नाही. अशाच टेबलांपलीकडे बसून समलिंगी रेसिडेंट थिसिसवर सही मागत असतो.

महाराष्ट्रातला या विषयाचा चेहरा आणखी एका कारणाने वेगळा आहे, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. आपल्या तालुक्याच्या गावांत खासगी रुग्णालय हा बहुतेक वेळा नवराबायकोचा संसार असतो. तो सर्जन, ती स्त्रीरोगतज्ज्ञ. किंवा तो फिजिशियन आणि ती भूलतज्ज्ञ. खाली ओपीडी आणि वॉर्ड, वर घर. पाटीवर दोघांची नावं. पीजीला प्रवेश मिळाला की स्थळं येऊ लागतात, आणि ती पाहताना शाखा जुळते का हेही पाहिलं जातं. कर्ज, जागा, सासरची मदत, रुग्णांचा विश्वास, सगळं त्या जोडीवर उभं राहतं. लग्न न करणारा डॉक्टर या रचनेत एकटाच पडतो. त्याला शहरात पगारी नोकरी धरावी लागते किंवा परदेशाची परीक्षा द्यावी लागते. लेस्बियन डॉक्टर तर दुहेरी कोंडीत सापडते. शिकलेली, कमावती मुलगी लग्नाला का नाही म्हणते, याचं एकही उत्तर घरात चालत नाही. आणि ती स्त्रीरोगतज्ज्ञ असेल, तर ओळख उघड होताच तिच्या तपासणीच्या खोलीबद्दल लोक कुजबुजू लागतील, ही भीती तिच्या मनातून जात नाही. हीच शंका भिन्नलिंगी पुरुष स्त्रीरोगतज्ज्ञावर कुणी सहसा घेत नाही.

मुंबईत कर्करोगावर किरणोपचार करणारे डॉ. प्रसाद राज दांडेकर उघडपणे समलिंगी आहेत आणि ‘हेल्थ प्रोफेशनल्स फॉर क्वीअर इंडियन्स’ ही संघटना त्यांनी उभी केली. अशा एका नावाने काय होतं? फ्रायर यांच्या काळात नेमकी हीच गोष्ट नव्हती. वॉर्डात राउंड घेणारा, गाठीला किरणांची मात्रा ठरवणारा, रुग्णांच्या नातेवाइकांशी शांतपणे बोलणारा एक ज्येष्ठ डॉक्टर आपल्यासारखा आहे, हे विसाव्या वर्षी कळणं, आणि पस्तिसाव्या वर्षापर्यंत कुणीच दृष्टीस न पडणं, यात मोठं अंतर आहे. पण उघड होण्याची जबाबदारी मी कुणावर टाकणार नाही. ज्याचा बाँड बाकी आहे, ज्याची परीक्षा त्याच विभागप्रमुखांच्या हातात आहे, त्याने गप्प राहणं हा स्वतःला सांभाळण्याचा मार्ग आहे. त्याला कुणीही भित्रेपणा म्हणू नये.

मग त्याने मदत कुठे मागायची? वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाने २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा अहवाल दिला. त्यासाठीच्या ऑनलाइन पाहणीत एमबीबीएसच्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. हा ताण सगळ्यांचाच आहे. समलिंगी विद्यार्थ्याच्या खांद्यावर त्याशिवाय लपवण्याचं ओझं असतं. आणि कॉलेज त्याला पाठवतं कुठे, तर त्याच रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात. तिथे केसपेपर काढणारा ओळखीचा, समोर बसलेला रेसिडेंट हॉस्टेलमधला, आणि सरांच्या विभागात पुढच्या महिन्यात पोस्टिंग. ‘टेली मानस’ ही १४४१६ क्रमांकाची सरकारी सेवा नाव न सांगता वापरता येते, आणि ती वापरावी. पण ती कॉलेजला जबाबदारीतून मोकळं करत नाही.

कायद्याची पोकळीही इथे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार देताना लैंगिक कलावरून भेदभाव करायला मनाई केली. म्हणजे रुग्णाला संरक्षण आहे. त्याच वॉर्डातल्या डॉक्टरला नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तक्रारदार स्त्रीच असेल असं धरतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कलावरून होणारा छळ घातला, ते चांगलं झालं. पण तो विद्यार्थ्यांपुरता. सरकारी नोकरीतला डॉक्टर राज्यघटनेचा आधार घेऊन न्यायालयात जाऊ शकतो. खासगी रुग्णालयातल्या कन्सल्टंटचा करार नूतनीकरण न करता सोडून दिला, तर त्याने कोणत्या कायद्यावर बोट ठेवायचं?

यातलं बरंच काही दिल्लीची वाट न पाहता इथे करता येण्यासारखं आहे, आणि त्याला दाखला आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेतले न्यायवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी कौमार्याच्या तथाकथित खुणा शिकवणं कसं अशास्त्रीय आहे, याचा अहवाल चिकाटीने मांडला. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये तो भाग अभ्यासक्रमातून वगळला. देशात इतर कुणी आधी करायला हवं असं विद्यापीठाने म्हटलं नाही. हेच विद्यापीठ आपल्या प्रत्येक संलग्न महाविद्यालयाला उद्या सांगू शकतं की विद्यार्थ्यांच्या आणि रेसिडेंट डॉक्टरांच्या समुपदेशनासाठी बाहेरचा, परीक्षेशी संबंध नसलेला माणूस नेमा. भेदभावाच्या तक्रारीत लैंगिक कलाचा उल्लेख नाव घेऊन करा. तक्रारदाराचा परीक्षक आणि गाइड बदलून देण्याची तरतूद ठेवा. आणि न्यायवैद्यक व मानसोपचाराच्या प्रश्नपेढ्यांतून जुने प्रश्न शोधून काढून टाका. पैसा यातल्या फक्त पहिल्या कामाला लागतो. बाकीच्या कामांना एक परिपत्रक पुरतं, आणि ते काढण्याचा अधिकार नाशिकला आजही आहे.